परिषदेत पहिल्यांदाच येणाऱ्या संशोधकांना परकेपणा वाटू नये यासाठी यजमान महाविद्यालयाने काय करावे?

प्रश्न : समाजशास्त्राचे प्राध्यापक, बेळगाव

सर्व अभ्यासकांना नमस्कार. येत्या हिवाळ्यात आमच्या विभागातर्फे शेती, श्रम आणि स्थलांतर या विषयावर दोन दिवसांची राष्ट्रीय परिषद घेण्याचे ठरले असून संयोजनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. निधी, निवास, भोजन, निमंत्रित वक्त्यांचा प्रवास या गोष्टी इथल्या महाविद्यालयांना अनुभवाने ठाऊक आहेत, त्यामुळे त्यांविषयी मी विचारत नाही. नुकतीच पीएच.डी.ची नोंदणी केलेले विद्यार्थी, पदवी मिळवून एखाद्या महाविद्यालयात गेस्ट लेक्चरर म्हणून तास घेणारे तरुण आणि प्रथमच निबंध वाचायला येणारे शिक्षक यांना आपल्या परिषदेतून नेमके काय मिळते, हा माझा प्रश्न आहे.

मी पाहत आलो आहे ते असे. हे तरुण सकाळच्या बसने येतात, नोंदणी करून फोल्डर घेतात आणि सभागृहाच्या मागच्या रांगेत बसतात. दुपारच्या समांतर सत्रात ते घाईघाईने निबंध वाचतात, समारोपानंतर प्रमाणपत्र घेतात आणि परत जातात. दोन दिवसांत त्यांचे बोलणे होते ते आपल्याच विभागातून आलेल्या मित्रांशी. ज्यांचे लेखन त्यांनी प्रबंधासाठी वाचलेले असते ते विद्वान त्याच आवारात असतात, पण व्यासपीठावर किंवा वेगळ्या भोजनकक्षात.

आपल्या भागात याला भाषेची आणखी एक बाजू आहे. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची अनेक मुले मराठी माध्यमातून शिकून पदव्युत्तर वर्गात इंग्रजीकडे वळतात. गोकाक, बैलहोंगलकडची मुले कन्नड माध्यमातून येतात, तर कारवारकडच्यांची घरची भाषा कोकणी असते. बेळगावहून धारवाड सुमारे 80 किलोमीटर आणि कोल्हापूर सुमारे 110 किलोमीटर आहे, म्हणजे दोन्हीकडच्या विद्यापीठांतील परिषदा आपल्या विद्यार्थ्यांना गाठता येतात. तरीही धारवाडला चर्चा कन्नडमध्ये रंगली की मराठी माध्यमाचा विद्यार्थी गप्प होतो, आणि कोल्हापुरात तोच विद्यार्थी कर्नाटकातून आलेला पाहुणा ठरतो. म्हणून आमच्या समितीत मराठीतून वाचल्या जाणाऱ्या निबंधांसाठी स्वतंत्र सत्र ठेवावे अशी एक सूचना आली आहे. अनुभवी संशोधकांनी नवोदितांचे मार्गदर्शक म्हणून दोन दिवस त्यांच्यासोबत राहावे, अशी दुसरी सूचना आहे. दोन्हींबाबत माझे मत अजून पक्के झालेले नाही. ज्यांनी परिषदा घेतल्या आहेत आणि ज्यांनी मागच्या रांगेत बसून त्या ऐकल्या आहेत, अशा दोघांचेही म्हणणे मला हवे आहे.

उत्तर : संशोधक विद्यार्थिनी, निपाणी

सर, मी मागच्या रांगेतली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी निपाणी परिसरात विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीवर आणि आरोग्यावर काम करते. 1981 च्या तंबाखू आंदोलनामुळे निपाणीचे नाव तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या संदर्भात अभ्यासकांना माहीत असते. वखारीत राबणाऱ्या आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांविषयी मात्र क्वचितच कोणी विचारते. दूरच्या एका शहरातील परिषदेत माझा निबंध होता. तिथे माझ्या ओळखीचे कोणीही नव्हते. सत्राच्या अध्यक्ष मॅडमनी माझा सारांश आधीच वाचलेला होता. चहाच्या वेळी त्यांनी मला बोलावून घेतले आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यातील विडी कामगारांचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापिकेसमोर नेऊन त्या म्हणाल्या, "घरी काम करणाऱ्या बाईची मजुरी विड्या नापास करून कशी कापली जाते, हे हिने निपाणीत नोंदवले आहे. तुमच्याकडे हे कसे होते?" एवढेच बोलून त्या निघून गेल्या, आणि आम्ही दोघी बोलत राहिलो. ती ओळख आजही टिकून आहे. माझ्या प्रश्नावलीतील मजुरीविषयीचा भाग त्यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून पुरता बदलला.

या अनुभवावरून मला जे सांगायचे आहे ते एकच आहे. ओळख करून देणे हे यजमानाचे काम आहे, ते नवख्या माणसाच्या धीटपणावर सोडता कामा नये. "लाजू नका, पुढे होऊन बोला" असे आम्हाला नेहमी सांगितले जाते. हे सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण चार ज्येष्ठ प्राध्यापक जुन्या ओळखीने गप्पा मारत उभे असताना त्यांच्यात शिरून स्वतःविषयी बोलायला सुरुवात करणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानले जाते, आणि आमच्या घरांत आम्हाला तसेच वाढवलेले आहे. तिसऱ्या माणसाने हाताला धरून पुढे नेले की तीच मुलगी मोकळेपणाने बोलते. ओळख करून देतानाही "ही आमची विद्यार्थिनी, हिला आशीर्वाद द्या" असे म्हटले की संभाषण तिथेच संपते. ती कशाचा अभ्यास करते आणि समोरच्या व्यक्तीच्या कामाशी त्याचा कुठे संबंध येतो, हे एका वाक्यात सांगितले तर दोघांनाही बोलायला विषय मिळतो.

यासाठी तयारी मात्र आधी करावी लागेल. नोंदणीच्या अर्जातच दोन प्रश्न विचारा: सध्या तुम्ही कोणत्या प्रश्नावर अडला आहात, आणि या परिषदेत कोणत्या विषयाच्या अभ्यासकाला भेटण्याची तुमची इच्छा आहे. दीडशे जण येणार असतील तर त्यांत प्रथमच येणारे फार तर चाळीस असतील. विभागातील दहा शिक्षकांनी प्रत्येकी चार अर्ज वाचून त्या चौघांची ओळख कोणाशी करून द्यायची हे ठरवून ठेवले, तरी काम होईल. गळ्यातल्या ओळखपत्रावर "डेलिगेट" आणि "रिसोर्स पर्सन" असे ठळक छापण्याऐवजी नावाखाली अभ्यासाचा विषय छापावा. हुद्दा वाचून माणसे एकमेकांपासून दूर राहतात, आणि विषय वाचून जवळ येण्याची शक्यता तरी असते.

स्वतंत्र मराठी सत्राच्या सूचनेला माझा विरोध आहे, आणि तो मराठीवरच्या प्रेमातूनच आहे. वेगळ्या खोलीत आम्ही मराठी मुले एकमेकांचे निबंध ऐकू, पण ज्यांनी ते ऐकायला हवेत ते दुसऱ्या खोलीत असतील. बैलहोंगलहून आलेली कन्नड माध्यमाची मुलगीही इंग्रजीच्या धाकाने माझ्याइतकीच गप्प बसते, हे मी पाहिले आहे. त्यापेक्षा सत्रे विषयानुसार ठेवावीत, निबंध मराठी, कन्नड किंवा इंग्रजीत वाचण्याची मुभा द्यावी आणि प्रश्नही तिन्ही भाषांत घ्यावेत. ज्याला तिन्ही समजतात असा अध्यक्ष किंवा साहाय्यक प्रत्येक सत्रात बसवला, तर तो प्रश्नाचा आशय दोन वाक्यांत सांगू शकेल. अशी माणसे बेळगावात जितकी सहज मिळतील तितकी पुण्यात किंवा बंगळुरात मिळणार नाहीत. निबंधाचा एक पानी इंग्रजी सारांश आधी वाटला, तर मराठी किंवा कन्नड न समजणाऱ्या पाहुण्यालाही चर्चेत भाग घेता येईल.

एक गोष्ट प्रश्नोत्तरांविषयी. 2018 साली "प्लॉस वन" या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात 10 देशांतील 35 संस्थांमधील 247 व्याख्यानांचे निरीक्षण केलेले होते. श्रोत्यांतील स्त्रियांचे प्रमाण लक्षात घेऊनही त्या पुरुषांपेक्षा कमी प्रश्न विचारतात, आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की पुढच्या प्रश्नांत स्त्रियांचा वाटा आणखी घटतो, असे त्यात दिसून आले. अध्यक्षांनी पहिला प्रश्न जाणीवपूर्वक एखाद्या विद्यार्थिनीला किंवा नव्या संशोधकाला विचारू दिला, तर त्याला खर्च काहीच येत नाही. मात्र ऐन वेळी बोट दाखवून कोणाला उभे करू नये. त्याने माणूस जास्तच बावरतो. निबंध सुरू होण्यापूर्वी "प्रश्न तुम्ही सुरू कराल का?" एवढे जाऊन विचारावे.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, बेळगाव

वरील उत्तर वाचून समाधान वाटले. मी काही परिषदांचे संयोजन केलेले आहे, त्यामुळे संयोजकाच्या बाजूने दोन-तीन गोष्टी मांडतो.

पहिली वेळेची. उद्घाटन दहाला ठरलेले असते, प्रमुख पाहुणे अकराला येतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, स्मरणिकेचे प्रकाशन, प्रत्येकाचा परिचय आणि प्रत्येकाचे मनोगत होईपर्यंत एक वाजतो. बीजभाषण जेवणानंतर ढकलले जाते आणि हा सगळा उशीर भरून काढला जातो तो समांतर सत्रांतून, म्हणजे ज्यांना आपण पुढे आणू इच्छितो त्याच मुलांच्या वेळेतून. रात्र जागवून तयार केलेला निबंध "फक्त निष्कर्ष सांगा" या एका वाक्यात निकालात निघतो. ज्याचे म्हणणे कोणी ऐकलेच नाही त्याच्याशी नंतर चहाच्या वेळी कोण काय बोलणार? म्हणून प्राध्यापक महाशय, माझी आग्रहाची विनंती आहे की समांतर सत्रांची वेळ पवित्र माना आणि कात्री लावायची ती उद्घाटनाला लावा. दीड तासाच्या सत्रात पाचपेक्षा जास्त निबंध घेऊ नका. प्रत्येकाला बारा मिनिटे वाचनासाठी आणि पाच मिनिटे चर्चेसाठी दिली तर पंच्याऐंशी मिनिटे होतात. त्यामुळे निबंधांची संख्या कमी होईल आणि काहींना नकार कळवावा लागेल. तो कळवण्याची तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2016 च्या नियमावलीत पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची आणि परिषदांमध्ये दोन निबंध सादर करण्याची अट होती. नोव्हेंबर 2022 च्या नियमावलीत ती सक्ती राहिली नाही. शिक्षकांच्या नेमणुकी-बढतीच्या गुणांबाबत 2018 च्या नियमांप्रमाणे राज्य किंवा विद्यापीठ पातळीवरील सादरीकरणाला 2 गुण, राष्ट्रीय पातळीवर 3, देशात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 5 आणि परदेशात 7 असा हिशेब ठरला. अशा हिशेबासाठी येणाऱ्याला मी दोष देत नाही, नोकरी त्याच्यावर अवलंबून असते. तथापि विद्यार्थ्यावरची सक्ती कमी झाल्यावरही जो पदरचे पैसे खर्चून येतो, तो काही शिकावे, कोणाला भेटावे म्हणून येतो, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

तिसरी गोष्ट आपल्याच मातीतली आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी अशा गावांत दर वर्षी मराठी साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडी निघते, गावकरी पाहुण्यांची ऊठबस करतात आणि कविसंमेलनात नवोदित कवीलाही व्यासपीठ मिळते. तिथे आलेल्याला आपण कोणाच्या ओळखीचे आहोत हे सिद्ध करावे लागत नाही. ज्या तालुक्यात खेडेगाव हे करू शकते त्या तालुक्यातील महाविद्यालयाला ते जड जाऊ नये. निदान जेवणाची पंगत तरी एक ठेवा. निमंत्रितांसाठी वेगळा कक्ष ठेवला की दोन दिवसांतली गाठीभेटींची सगळ्यांत मोठी संधी आपण स्वतःच्या हाताने बंद करतो.

उत्तर : गेस्ट लेक्चरर, खानापूर तालुका

थोडक्यात लिहितो. जांबोटी-कणकुंबीकडे जाणाऱ्या माणसाला संध्याकाळची बस चुकवून चालत नाही, त्यामुळे समारोप लांबला की आम्ही उठून जातो आणि त्याचा अर्थ आम्हाला रस नाही असा लावला जातो. दोन दिवसांच्या मधल्या रात्री वसतिगृहात राहण्याची सोय केली, विशेषतः मुलींसाठी, तर संध्याकाळचा वेळ मोकळा मिळतो, आणि खरे बोलणे संध्याकाळीच होते. नोंदणी शुल्कात सवलत द्यायची असल्यास ती अर्जात एका खुणेवर मिळावी. त्यासाठी विभागप्रमुखांचे पत्र आणि उत्पन्नाचा दाखला मागू नये. आणि निमंत्रणाचे अधिकृत पत्र एक महिना आधी पाठवा, कारण माझ्यासारख्याला प्राचार्यांकडे दोन दिवसांची परवानगी मागायची असते आणि बुडालेल्या तासांचे मानधनही बुडते.

उत्तर : अर्थशास्त्राच्या साहाय्यक प्राध्यापिका, कोल्हापूर

मार्गदर्शक नेमण्याच्या सूचनेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. दोन दिवस एका ज्येष्ठ व्यक्तीसोबत नवोदिताला जोडून देण्याची कल्पना कागदावर चांगली दिसते, परंतु आपल्याकडे तिचे रूपांतर लवकरच सेवेत होते. मुलगा सरांची बॅग धरतो, गाडीची चौकशी करतो आणि स्वतःच्या कामाविषयी अवाक्षर काढत नाही. मी अशी जोडी जमवणार नाही. त्यापेक्षा एक ज्येष्ठ आणि पाच-सहा नवे अशी छोटी बैठक पाऊण तासाची ठेवावी. विषय ठरलेला असावा, उदाहरणार्थ शोधनिबंध परत आल्यावर तो कसा सुधारावा, क्षेत्रकार्यात नकार मिळाल्यास काय करावे. त्यात ज्येष्ठाने भाषण करायचे नाही, नव्यांनी प्रश्न मांडायचे.

नव्यांना आधी एकमेकांशी भेटू द्यावे, हेही मला फार महत्त्वाचे वाटते. अमेरिकेत 1931 पासून चालत आलेल्या, विज्ञानविषयांच्या गॉर्डन संशोधन परिषदांमध्ये दुपारचा वेळ मुद्दाम मोकळा ठेवतात. त्यांतील अनेक परिषदांच्या आदल्या दिवशी फक्त विद्यार्थी आणि नुकतीच पीएच.डी. झालेल्यांचे वेगळे चर्चासत्र होते. त्यामुळे मुख्य परिषद सुरू होताना त्यांच्या ओळखीचे काही चेहरे सभागृहात असतात. आपल्या देशातही जीवशास्त्राच्या तरुण संशोधकांसाठी 2009 पासून यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग भरते. तिथे नव्याने प्रयोगशाळा सुरू करणारे, परदेशातून परतू पाहणारे आणि अनुभवी शास्त्रज्ञ एकत्र राहतात. सामाजिक शास्त्रांत एवढा खर्च आपल्याला झेपणार नाही, पण आदल्या संध्याकाळी किंवा पहिल्या दिवशी नोंदणीनंतर एक तास नव्यांना एकत्र बसवायला कोणाची ना नसावी. पुढची पंधरा वर्षे त्यांना एकमेकांसोबतच काम करायचे आहे. ज्येष्ठांशी झालेली ओळख त्यांना एखादे शिफारसपत्र मिळवून देईल, बरोबरीच्यांशी झालेल्या ओळखीतून संयुक्त प्रकल्प उभे राहतील.

निपाणीच्या ताईंचे म्हणणे मला पटले, पण एका ठिकाणी मी थोडी वेगळी आहे. यजमानाने ओळख करून दिली तरी पुढचे वाक्य संशोधकालाच बोलायचे असते. त्यासाठी नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांना पंधरा दिवस आधी एक साधे पत्र पाठवावे: कोण कोण येणार आहेत, त्यांतील दोघांचा एखादा लेख वाचून या, आपले काम दोन मिनिटांत मराठीत आणि इंग्रजीत सांगता येईल अशी तयारी करून या. ज्यांच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही त्यांना या गोष्टी कोणी सांगितलेल्याच नसतात. आम्हा सीमेपलीकडच्यांनाही एक सांगणे लागू होते: बेळगाव, खानापूरहून आलेल्याला भेटताच सीमाप्रश्नाविषयी विचारू नये. तो आपले संशोधन घेऊन आलेला असतो, आधी त्याविषयी विचारावे.

प्रश्नकर्त्यांचे उत्तर : समाजशास्त्राचे प्राध्यापक, बेळगाव

सर्वांचा मनापासून आभारी आहे. स्वतंत्र मराठी सत्राचा विचार मी सोडून देत आहे. तिन्ही भाषांत प्रश्न घेण्याची पद्धत समितीपुढे ठेवीन. उद्घाटन एका तासात संपवण्याबाबत संस्थेच्या पदाधिकाऱ्यांशी बोलावे लागेल आणि ते सोपे नाही, परंतु समांतर सत्रांच्या वेळेला हात लावू देणार नाही एवढे मी माझ्या अधिकारात करू शकतो. भोजनाची पंगत एकच राहील. खानापूरच्या सरांनी सांगितलेले पत्र आणि वसतिगृहाची सोय या महिन्यातच मार्गी लावतो.

एक शंका उरते. निमंत्रित वक्ते आपले व्याख्यान झाले की निघून जातात. ते थांबलेच नाहीत तर ओळख कोणाशी करून द्यायची?

उत्तर : संशोधक विद्यार्थिनी, निपाणी

सर, हे निमंत्रणाच्या पत्रातच लिहावे असे मला वाटते. "आपले व्याख्यान पहिल्या दिवशी सकाळी आहे, त्याच दिवशी दुपारच्या एका सत्रात आपण श्रोते म्हणून बसावे आणि संध्याकाळी सहा विद्यार्थ्यांसोबत पाऊण तास चर्चा करावी, अशी विनंती आहे" असे स्पष्ट लिहिले आणि सोबत त्या सहा जणांचे सारांश जोडले, तर होकार देणारा माणूस तेवढा वेळ ठेवूनच येईल. ज्यांना ते जमणार नाही त्यांच्याऐवजी कमी प्रसिद्ध पण दोन दिवस राहणाऱ्या अभ्यासकांना बोलवावे. धारवाड, कोल्हापूर, गोवा आणि विजयपूर इथल्या विद्यापीठांत असे अनेक जण आहेत.

अर्ज वाचून कोणाची गाठ कोणाशी घालून द्यायची हे ठरवण्याच्या कामात मदत लागल्यास मी आणि आमच्याकडचे दोन विद्यार्थी यायला तयार आहोत. सारांश कन्नडमध्ये आले तर ते वाचू शकणारी एक मैत्रीणही आमच्यात आहे.